फेकता येणारा पिलम: चौकशीपासून पहिल्या फेकीपर्यंत

ऑक्टोबर २०२३ ते जुलै २०२४ या काळात मी इंग्लंडमध्ये राहून एका लोहाराकडून पिलमचं लोखंड घडवून घेतलं, त्याचा दांडा स्वतः तासला, आणि रीतसर परवानगी आणि विमा घेऊन तो फेकलासुद्धा. पिलम म्हणजे रोमन पायदळाचा फेकायचा जड भाला. शत्रू वीसेक पावलांवर आला की आधी हा भाला फेकायचा आणि मग तलवार उपसायची, अशी त्यांची रीत होती. हे काम हाती घेतलं तेव्हा मला कसलीच दिशा नव्हती. इंग्रजीत माहिती पुष्कळ आहे, पण ती इथेच जन्मलेल्यांसाठी लिहिलेली. व्हिसावर राहणाऱ्या माणसाने घरात भाला ठेवावा का, तो गाडीतून न्यावा का, याचं उत्तर त्यात सापडत नाही. म्हणून घडलं तसं सगळं लिहून ठेवतोय.

मी चेस्टरला राहतो. रोमन काळात हे गाव 'देवा' म्हणून ओळखलं जायचं आणि विसाव्या लिजनचा (लिजन म्हणजे रोमन सैन्याची मोठी तुकडी), 'वालेरिया व्हिक्ट्रिक्स'चा, तळ इथे होता. घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर रोमन रंगमंडल आहे. त्याचा उत्तरेकडचा भागच उघडा केलेला आहे, उरलेला अजून जमिनीखाली आहे. अशा गावात राहिल्यावर रोमन सैन्याचं वेड लागायला फार काही करावं लागत नाही. माझं बालपण कोल्हापूरचं. शिवजयंतीला मर्दानी खेळात विटा, म्हणजे दोरी लावलेला भाला, फिरताना पाहतच मोठा झालो. विटा फेकला तरी त्याची दोरी हातात असते, तो परत ओढून घेता येतो. पिलमचं नेमकं उलटं. तो परत यायचाच नाही, आणि शत्रूलाही तो उचलून फेकता येऊ नये. एकाच कामाच्या दोन हत्यारांमागे इतके वेगळे विचार असावेत, हे कळलं तेव्हापासून एक पिलम हातात धरायचा होता.

१४ ऑक्टोबरच्या शनिवारी इथल्या एका ऐतिहासिक पुनराविष्कार गटाच्या, म्हणजे जुन्या काळचे वेश आणि हत्यारं घेऊन तो काळ उभा करणाऱ्या हौशी मंडळींच्या, खुल्या सरावाला गेलो. असे गट ब्रिटनमध्ये बरेच आहेत, काही तर पन्नास वर्षांहून जुने. आमचा गट लहान. इ.स. पहिल्या शतकाच्या अखेरचा लिजनचा सैनिक उभा करणं हे त्यांचं काम. अर्जात नाव, पत्ता, आजारपणाची माहिती, आपत्कालीन संपर्क आणि गुन्हा दाखल नसल्याचं स्वतःचं निवेदन एवढंच मागितलं. वर्षाची वर्गणी ३० पौंड, आणि त्यात गटाच्या कार्यक्रमांपुरता सार्वजनिक दायित्वाचा विमा धरलेला. पहिले सहा महिने उमेदवारीचे असतात. त्या काळात शिरस्त्राण, ढाल, पट्टे सगळं गटाकडून वापरायला मिळतं. नवख्याने लगेच खरेदीला लागू नये म्हणूनच हा नियम केलाय, आणि तो मला मनापासून पटला.

त्या दिवशी हातात दिलेला पिलम दिसायला देखणा होता. मी फेकायच्या पवित्र्यात तो उचलला तसं शिकवणाऱ्या बाईंनी थांबवलं आणि म्हणाल्या, "हा उभा राहायचा पिलम आहे, फेकायचा नाही." त्याचं लोखंड दांड्यात एका बारीक खिळ्यावर अडकवलं होतं. फेकला असता तर पहिल्याच धक्क्यात लाकूड चिरलं असतं. प्रतिकृतींच्या दुनियेतला सगळ्यात महत्त्वाचा भेद हाच आहे: दाखवायची वस्तू आणि वापरायची वस्तू. किंमत, धातू, लाकूड, कागदपत्रं, विमा, सगळं यावरून ठरतं. कोणालाही चौकशीचा पहिला मेल लिहाल तेव्हा पहिल्या ओळीतच सांगा, मला फेकायचा हवाय.

घरी फोनवर हे सगळं आईला सांगितलं. ती म्हणाली, "व्हिसावर आहेस बाळा, परक्या मुलखात भाला घेऊन कुठं हिंडणार तू? आधी पोलिसांना विचार." तिचं बोलणं डोक्यात राहिलं. इथे काही वर्षांनी कायम वास्तव्याचा अर्ज करायचा असतो आणि त्यात बारीकसारीक शिक्षांचीही माहिती द्यावी लागते. छंदापायी ते पणाला लावायची माझी तयारी नव्हती. म्हणून नोव्हेंबरचा महिना नुसता कायदा समजून घेण्यात घातला.

मला समजलं ते असं. इंग्लंडमध्ये प्रौढ माणसाने घरात भाला ठेवायला परवाना लागत नाही. विक्रीवर बंदी असलेल्या हत्यारांची यादी १९८८ च्या एका आदेशात आहे आणि ती नंतर वाढत गेली आहे. त्यात गुप्ती आहे, मुठीत धरायचे खंजीर आहेत, पन्नास सेंटिमीटरपेक्षा लांब पात्याच्या वक्र तलवारी आहेत, पण भाला नाही. अडचण येते घराबाहेर. क्रिमिनल जस्टिस ॲक्ट १९८८, कलम १३९: सार्वजनिक जागी धारदार किंवा टोकदार वस्तू सबळ कारणाशिवाय जवळ बाळगणं हा गुन्हा आहे, शिक्षा चार वर्षांपर्यंत. कारण होतं हे सिद्ध करण्याची जबाबदारी वस्तू बाळगणाऱ्यावर. म्हणजे कार्यक्रमाला जातोय हे तोंडी सांगून भागणार नाही, ते दाखवता यायला हवं.

पोलिसांच्या १०१ या बिगर-तातडीच्या क्रमांकावर फोन केला. त्यांनी सगळं लेखी पाठवायला सांगितलं. ६ नोव्हेंबरला मेल केला, उत्तर २९ तारखेला आलं. ते सर्वसाधारण भाषेतलं होतं आणि 'हा कायदेशीर सल्ला नव्हे' असं त्यात स्पष्ट लिहिलेलं, पण उपयोगी होतं. वस्तू गुंडाळून, टोक झाकून, चालकाच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा. घर ते कार्यक्रम सरळ प्रवास करा, वाटेत खरेदीला वगैरे थांबू नका. कार्यक्रमाचा पुरावा जवळ ठेवा. त्यावर गटाच्या सचिवांनी मला शीर्षपत्रावर एक पत्र दिलं. त्यात माझं नाव, सभासद क्रमांक, वस्तूचं वर्णन आणि कार्यक्रमांच्या तारखा. त्याची छापील प्रत गाडीत असते, एक फोनमध्येही. पत्र हातात आलं त्या रात्री बऱ्याच दिवसांनी निवांत झोपलो. तुम्ही व्हिसावर असाल तर हे काम सगळ्यात आधी उरका. उत्तर यायला वेळ लागतो, आणि त्याआधी पैसे गुंतवले की जिवाला उगाच घोर लागतो.

मग प्रश्न आला, कुठला पिलम? पिलम हा काही एकच नमुना नाही. शतकानुशतकं तो बदलत राहिला. इ.स.पू. दुसऱ्या शतकात लिहिणारा ग्रीक इतिहासकार पॉलिबियस सांगतो की प्रत्येकाकडे दोन पिला (पिलमचं अनेकवचन) असत, एक जाड, एक बारीक. दांडा सुमारे तीन हात लांब, लोखंडही तेवढंच, आणि ते लोखंड दांड्यात निम्म्यापर्यंत बसवून इतक्या रिव्हेटनी (आरपार ठोकून पक्क्या केलेल्या खिळ्यांनी) जखडलेलं की जोड सुटण्याआधी लोखंड मोडावं. स्पेनमधल्या न्युमान्शियाला रोमनांनी घातलेला वेढा इ.स.पू. १३३ मध्ये संपला. त्या परिसरातल्या रेनिएब्लासच्या तळांतून अशा भाल्यांची लोखंडं निघाली आहेत. पुढे शाही काळात दांड्यावर वजनासाठी गोळा बसवलेले पिला दिसू लागतात. रोमच्या कॅन्चेलेरिया शिल्पपटातल्या सैनिकांच्या हातात तसे आहेत. आणि उत्तरकाळात रोमन लेखक व्हेजिशियस लिहितो तोवर नाव बदलून 'स्पिक्युलम' झालेलं असतं आणि लोखंड नऊ इंचांवर आलेलं असतं.

लोखंडी भाग पुष्कळ सापडतात, लाकूड मात्र जमिनीत कुजून जातं. म्हणून जर्मनीतल्या ओबेराडेनचं महत्त्व. लिप्पे नदीकाठचा हा तळ इ.स.पू. ११ च्या सुमारास उभा राहिला आणि काही वर्षांतच सोडून दिला गेला. ओल्या मातीत तिथले तीन पिला लाकडासकट टिकले. जोड नेमका कसा असायचा हे त्यांच्यामुळे डोळ्यांना दिसतं. दांड्याच्या वरच्या टोकाला लाकूड जाड ठेवून त्याचा ठोकळा केलेला. त्या ठोकळ्यात उभी खाच, खाचेत लोखंडाची चपटी पट्टी, आरपार रिव्हेट, ठोकळ्याच्या तोंडावर चौकोनी लोखंडी कडं, आणि कडं हलू नये म्हणून ठोकलेल्या बारीक पाचरी. आमचा गट ज्या काळाचा सैनिक उभा करतो त्याच्या शंभरेक वर्षं आधीचा हा नमुना. तरीही गटाने तो मान्य केला, कारण लाकडाचा इतका भरवशाचा पुरावा दुसरा नाही. मला हा निर्णय योग्य वाटतो. अंदाजाने बनवलेल्या 'बरोबर काळाच्या' वस्तूपेक्षा शंभर वर्षं जुनी पण पुराव्याची वस्तू बरी.

या जोडाबद्दल ग्रीक चरित्रकार प्लुटार्कने रोमन सेनापती मारियसच्या चरित्रात एक गोष्ट दिली आहे. इ.स.पू. १०१ मध्ये उत्तरेकडून आलेल्या किंब्री टोळ्यांशी लढण्याआधी मारियसने दोन लोखंडी रिव्हेटपैकी एक काढून तिथे लाकडी खुंटी बसवायला लावली. भाला ढालीत घुसला की खुंटी मोडायची, दांडा दुसऱ्या रिव्हेटवर लोंबकळायचा आणि ढाल जड व्हायची. सीझर मात्र वेगळं सांगतो. इ.स.पू. ५८ मध्ये हेल्वेशियन टोळ्यांशी झालेल्या लढाईत एकेका पिलमने एकावर एक आलेल्या ढाली जोडल्या गेल्या. लोखंड वाकल्यामुळे ते उपसता येईना. डावा हात अडकल्याने धड लढता येईना. शेवटी बऱ्याच जणांनी ढाली टाकून दिल्या आणि उघड्या अंगाने लढले. एकीकडे खुंटी मोडते, दुसरीकडे लोखंड वाकतं. माझ्या हातातल्या भाल्याचं यातलं काय होईल हे मला पाहायचं होतं.

डिसेंबरात किंमती काढल्या. तेव्हा तयार पिला ९० ते १२० पौंडांत मिळत होते. त्यातले बरेच भारतातून येतात. मेरठ आणि डेहराडून ही जगभरच्या ऐतिहासिक शस्त्र-चिलखतांच्या प्रतिकृतींची मोठी ठिकाणं आहेत. युरोपातल्या कितीतरी रोमन गटांच्या अंगावरचं चिलखत आपल्याकडच्या कारागिरांनी ठोकलेलं असतं, याचा मला अभिमान वाटतो. पण यादीतला तयार माल बहुधा दाखवण्यासाठी बनवलेला असतो. फेकण्यासाठी पट्टी किती रुंद, रिव्हेट किती जाड, लाकूड कुठलं, हे विचारावंच लागतं. बाहेरून मागवायचा असेल तर किंमतीवर २० टक्के व्हॅट, शिवाय कुरिअर कंपनीचं हाताळणी शुल्क लागतं. दोन मीटरचं पार्सल बरेच कुरिअरवाले घेत नाहीत. लोखंड एकट्याने मागवणं आणि दांडा इथे करणं सोपं पडतं.

मी उत्तर वेल्समधल्या एका लोहाराकडे गेलो. फक्त मेल पाठवण्यापेक्षा एकदा भेटा, त्याने काम सोपं होतं. त्याने मला तीन गोष्टी विचारल्या: फेकून कशावर मारणार, वाकलेला चालेल का, आणि रिव्हेट मी मारू की तुम्ही? उत्तरं तयार ठेवा. ठरलं ते असं: उघडी सळई ६० सेंटिमीटर, टोकाचा फाळ छोटा चौकोनी पिरॅमिडच्या आकाराचा, सळई मऊ लोखंडाची, फाळ पोलादाचा आणि त्याला पाणी दिलेलं. पट्टी १७ सेंटिमीटर. कडं आणि खालच्या टोकाची लोखंडी शेंबी धरून १९० पौंड. ६० पौंड आगाऊ दिले. त्याच्याकडे फाटकं आणि कठड्यांची कामं रांगेत होती, म्हणून माल एप्रिलमध्ये मिळणार होता.

मधल्या काळात दांडा. इथले बहुतेक लोक पिलमसाठी ॲशचं लाकूड वापरतात. क्रिकेटचे स्टंप आणि कुदळीचे दांडे ज्याचे होतात तेच हे. धक्का सोसतं, सहसा तडकत नाही. २०१२ मध्ये ब्रिटनमध्ये ॲशच्या झाडांना लागणारा बुरशीचा रोग आढळला आणि तेव्हापासून ही झाडं मोठ्या संख्येने तोडावी लागतायत. त्यामुळे लाकूड सहज मिळतं, पण रोगट झाडाचं लाकूड ठिसूळ असू शकतं. वखारवाल्याला नेमकं कारण सांगा. मी सांगितल्यावर त्याने स्वतः तीन फळ्या बाजूला काढल्या आणि रेषा टोकापासून टोकापर्यंत सरळ जाणारी एक निवडून दिली. २६ पौंड. रेषा मध्येच कडेला निघून गेलेली असेल तर दांडा तिथेच फुटतो, म्हणून स्वस्त मिळाली तरी तशी फळी घेऊ नका.

घरात जागा नाही, त्यामुळे शनिवारी एका सामाईक कार्यशाळेत जात होतो. दिवसाला ८ पौंड, सगळे मिळून ४८ झाले. आधी चौकोनी, मग रंधा मारून अष्टकोनी, मग गोल. वरचा ठोकळा मात्र चौकोनीच ठेवायचा आणि तिथून दांड्याकडे उतार द्यायचा. मधेच पकडीची जागा येते. हाताच्या मुठीला बसेल इतकी जाडी ठेवून तिथे थांबलो. खाच पाडायला घाई केली नाही, कारण लोहाराची पट्टी मोजल्याशिवाय खाच पाडू नये, असं गटातल्या जुन्या सभासदाने बजावलं होतं. तीन सेंटिमीटर जाडीचा दांडा हाताने गोल करणं हे खूप सावकाश होणारं काम आहे आणि मला ते फार आवडलं. आठवडाभर पडद्यासमोर बसून जे मिळत नाही ते समाधान रंध्यातून निघालेल्या एका लांब सलग कागदी सालीने मिळतं.

२० एप्रिलला लोहाराकडून निरोप आला. मी गेलो तेव्हा फाळ तयार होता, सळईचं शेवटचं निमुळतं करणं चालू होतं. त्याने लोखंड भट्टीतून काढलं, ऐरणीवर ठेवलं आणि प्रत्येक घावानंतर पाव फेरा फिरवत गेला. घाव, फेरा, घाव, फेरा. लाल रंग उतरून काळपट झाला की परत भट्टीत. पट्टीपाशी सळई माझ्या करंगळीएवढी जाड आणि फाळाच्या मानेशी पेन्सिलपेक्षा बारीक. तो म्हणाला, "वाकायचं असेल तर इथे वाकेल," आणि मानेच्या खाली दोन बोटांवर खडूने रेघ मारली. फाळ सळईपेक्षा रुंद का असतो हेही त्याने दाखवलं. फाळाने पाडलेल्या भोकातून मागची सळई न घासता आत सरकते, आणि मागचं सगळं वजन तिला ढकलत राहतं. ढाल भेदून आतल्या माणसापर्यंत पोचायला लांब सळई हवी, ती यासाठी. परत ओढायला गेलं की फाळाच्या कडा आतून अडकतात.

जोड त्याच्याच कार्यशाळेत बसवला. मोजून खाच पाडली, पट्टी आत सरकवली, पट्टीच्या भोकांतून लाकडाला आरपार भोकं पाडली. दोन रिव्हेट. एकाने ऐरणीवर धरायचं, दुसऱ्याने ठोकायचं. मी धरलं, त्याने ठोकलं. मग ठोकळ्याच्या तोंडावर कडं बसवलं आणि बाजूंनी पाचरी मारल्या. प्रत्येक पाचरीबरोबर आवाज बदलत गेला. आधी पोकळ, मग भरीव, आणि शेवटी टणत्कार. वजन केलं: दीड किलोच्या जरासं वर. लांबी शेंबीसकट २०५ सेंटिमीटर. घरी आणून आठवडाभर रोज जवसाच्या तेलाचा हात दिला. तेलाचे बोळे लगेच पाण्यात भिजवून टाका, गुंडाळून ठेवले तर ते आपोआप पेट घेऊ शकतात.

गाडीत नेण्याबद्दल दोन शब्द. छोट्या गाडीच्या डिकीत तो मावत नाही. मागची सीट पाडून, शेंबी पुढच्या रिकाम्या सीटकडे आणि टोक डिकीच्या दाराकडे, असा तिरपा ठेवतो. टोकावर लाकडी खोका, त्यावर जाड ताडपत्री, तीन ठिकाणी पट्टे. सोडवायला काही मिनिटं लागतील असं बांधायचं. आजवर कोणी अडवलं नाही, तरी पत्र नेहमी जवळ असतं.

फेकायची परवानगी हा वेगळाच टप्पा. मे महिना त्यात गेला. गटाच्या सुरक्षा-अधिकाऱ्यांनी आधी पिलम तपासला: रिव्हेट हलतात का, लाकडात चीर आहे का, कडं सैल आहे का. तपासणीची नोंद वहीत, तारीख आणि सही. मग धोका-मूल्यमापनाचा फॉर्म. जागा कुठली, फेकण्याची दिशा, मागे किती मोकळी जागा, लोक कुठे उभे राहणार, वारा, ओली जमीन, प्रथमोपचार कोणाकडे, जवळचं रुग्णालय कुठलं. शेत ज्यांचं होतं त्या शेतकरी काकांची लेखी संमती, आणि त्यात मेंढ्या दुसऱ्या कुरणात हलवल्याची नोंद. विमा कंपनीने एक शंका काढून फॉर्म परत पाठवला. लक्ष्याच्या मागे पायवाट नाही हे नकाशावर दाखवायला सांगितलं. इंग्लंडमध्ये शेतांतून सार्वजनिक पायवाटा जातात, त्यामुळे ही शंका रास्त होती. सरकारी नकाशाची प्रत जोडली आणि २७ मे रोजी मंजुरी आली. या फॉर्मला कंटाळू नका. भरताना तुम्हाला आपोआप कळतं की कुठे उभं राहायचं आणि कधी हात खाली करायचा.

१५ जून, सकाळी साडेदहा. आकाश स्वच्छ, जमीन थोडी ओली. आधी रबरी टोकाच्या सरावाच्या भाल्यावर पावलं बसवून घेतली. डावा पाय पुढे, कोपर कानामागे, आणि धावत येऊन फेकायचं असेल तर शेवटची तीनच पावलं वेगाची. मग माझा पिलम.

पहिल्या फेकी मोकळ्या जमिनीवर. हलका भाला हवेत लांब तरंगतो, पिलम तरंगत नाही. थोडा वर जातो आणि टोक खाली घालून झपकन उतरतो. माझ्या हाताने तो पंधरा मीटरच्या आसपास पडत होता. गटातल्या सरावलेल्या माणसाने त्याच पिलमने वीस मीटर ओलांडले. तीसेक मीटर ही धडधाकट माणसाची शिकस्त असं म्हणतात, ते खरं वाटलं. आणि सीझरच्या माणसांना हे शत्रू अंगावर येत असताना, चिलखत घालून, डाव्या हातात ढाल धरून करायचं होतं.

मग लक्ष्य. लाकडी चौकटीवर बर्च प्लायवूडची १८ मिलिमीटर जाडीची फळी उभी केली होती. आठ मीटरवरून फेकला. आवाज अपेक्षेपेक्षा छोटा, नुसता 'टप'. जवळ जाऊन मागच्या बाजूने पाहिलं तर फाळ आरपार आणि त्यामागे वीतभर सळई बाहेर आलेली. भोक फाळाएवढं चौकोनी, कडा बाहेरच्या बाजूला उललेल्या, आणि त्यात बारीक सळई सैल हलत होती. फळीमागे ढाल धरलेला हात असता तर फाळ थेट त्यात गेला असता. मी बराच वेळ त्या टोकाकडे पाहत उभा राहिलो. हे हत्यार माणसं मारण्यासाठी बनवलं गेलं होतं, ही जाणीव पुस्तकातून इतकी थेट होत नाही. उपसायला गेलो तर येईना. दोघांनी मिळून चौकट आडवी केली, फाळ तिरका करून मागे सरकवला, तेव्हा सुटला.

सळई फळीत वाकली नाही. वाकली ती नंतर, भाला लक्ष्याच्या कडेला आपटून आडवा पडला तेव्हा, आणि लोहाराने खडूने दाखवलेल्या जागेच्या अगदी जवळ. दुसऱ्या एका फेकीत तो फळीत थोडाच रुतला. दांड्याच्या वजनाने खाली झुकत सळई हळूहळू वाकत गेली आणि शेंबी जमिनीला टेकली. त्या अवस्थेत ढाल उचलून चालणं शक्यच नाही. म्हणजे वाकणं हे दरवेळी घडत नाही. कसा लागला, किती रुतला, दांडा कुठे लोंबला यावर ते ठरतं. सीझरचं वर्णन मला त्या दिवशी पूर्ण पटलं. मात्र प्रत्येक पिलम आदळताच वाकतो असं जे सर्रास सांगितलं जातं ते मी आता सांगत नाही. वाकलेली सळई लाकडी ठोकळ्यावर ठेवून थंडच हातोडीने सरळ केली. दोन मिनिटांचं काम. मात्र एकाच जागी वारंवार वाकवली तर लोखंड थकतं. तसं झालं की लोहाराकडे नेऊन ती जागा तापवून घ्यायची.

दुसऱ्या दिवशी खांदा उचलवत नव्हता. आठवडाभर आधीपासून खांद्याचे व्यायाम करा आणि पहिल्या दिवशी मोजक्याच फेकी करा.

जुलैच्या दुसऱ्या शनिवारी एका जुन्या किल्ल्याच्या मैदानावर लोकांसमोर पहिल्यांदा फेकला. दोऱ्या बांधून अडवलेली जागा, बाजूला दोन निरीक्षक, आणि कोणी दोरीच्या आत आलं की 'थांबा' ओरडायची सगळ्यांना मुभा. मुलांना पिलम हातात धरायचा होता. त्यासाठी गटाचा तो उभा राहायचा पिलम कामी आला, टोकाला लाकडी टोपण घालून. एका दहा-अकरा वर्षांच्या मुलीने विचारलं की फेकल्यानंतर सैनिक तो परत कसा आणायचे. मी तिला लढाई संपल्यावर मैदान जिंकणाऱ्याचं असतं हे सांगितलं, आणि विट्याबद्दलही. दोरी लावलेला भाला तिला जास्त शहाणपणाचा वाटला.

खर्च एकत्र सांगतो: वर्गणी ३०, लोखंड १९०, लाकूड २६, रिव्हेट ६, तेल ९, कार्यशाळा ४८, म्हणजे ३०९ पौंड, तेव्हाच्या भावाने साधारण बत्तीस हजार रुपये. पेट्रोल धरलेलं नाही. वेळेचं म्हणाल तर लोहाराची वाट आणि विम्याचा होकार यातच बहुतेक महिने गेले, हाताने करायचं काम थोडंच होतं. ही दोन्ही कामं एकाच वेळी सुरू केली तर वसंतापर्यंत सगळं आटोपेल.

आता मारियसची लाकडी खुंटी करून पाहायची आहे. त्यासाठी जोड उघडून एक रिव्हेट काढावा लागेल, आणि बदललेल्या जोडाची नव्याने तपासणी, नवा धोका-मूल्यमापनाचा फॉर्म. खुंटीसाठी ओकचे तुकडे कापून ठेवलेत. फॉर्म गेल्या सोमवारी पाठवला. मोडलेली खुंटी कुठल्या दिशेला उडेल, असं सुरक्षा-अधिकाऱ्यांनी विचारलंय, आणि त्याचं उत्तर लोहाराशी बोलून मला पुढच्या आठवड्यात द्यायचं आहे.